मीबी नावाचं बियाणं

चिंचटाकळी, व्हाया दुसरबीड
२० मार्च २००६

कादर मास्तर,

सलाम. परवा तुला फोन केला आणि म्हटलं, "छकुलीचं लग्न अडकलंय." तू म्हणालास, "लसूण?" मी ओरडून पुन्हा सांगितलं, तर तू मला बुलढाण्याच्या बाजारातला लसणाचा भाव सांगितलास. बायको म्हणाली, "त्याहीले पत्र टाका, गावाले काऊन ऐकवता?" म्हणून हा कागद. साऱ्या तालुक्याच्या कानात भोंगे वाजवून मी पोट भरलं, आणि शाळेपासूनचा दोस्त नेमका बहिरा निघावा, ही माझ्या धंद्याला लागलेली नजर आहे.

तर ऐक. म्हणजे वाच.

आपल्या चर्चमध्ये नवे फादर आलेत, वसईकडचे. आडनाव घोन्सालविस. गावाच्या जिभेला ते झेपलं नाही, त्यामुळे आता सगळे त्यांना 'गोसावी फादर' म्हणतात, आणि तेही ओ देतात. माणूस सोन्यासारखा, पण मराठी पुस्तकातली. आपलं बोलणं त्यांना निम्मं कळतं आणि उरलेल्या निम्म्याला ते हसून मान डोलावतात. मागच्या रविवारी तानुबाई म्हणाली, "फादर, म्हैस आटली." फादर म्हणाले, "अभिनंदन!"

ही तानुबाई म्हणजे आमच्या गायनमंडळाची मुख्य. तिला माईक द्यावा लागत नाही. दिला तर माझा भोंगा फाटतो. तिचं आणि उकंडरावचं बिनसलंय, आणि तिथंच सगळं अडलंय.

उकंडराव तुला माहीत आहे, बियाण्याच्या दुकानवाला. मागच्या मृगात त्यानं छातीवर हात ठेवून सगळ्यांना ते 'लक्ष्मीबोंड' नावाचं बीटी कपाशीचं बी दिलं. म्हणाला, अळी तोंड लावणार नाही. खरंच लावलं नाही. पण ऐन बोंडं धरायच्या वेळी लाल्या रोग आला, पीक गेलं, आणि पानं अशी लाल झाली की लांबून वाटावं गावानं शेतात लुगडी वाळत घातलीत. त्या दिवसापासून उकंडराव गावात असून नसल्यासारखा. मिस्सेला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेला, येतो, पण बाकावर बसत नाही. पार मागं, माझ्या भोंग्याच्या मशीनजवळ उभा राहतो. आमच्यात मिस्सेमध्ये एक वेळ अशी येते की फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजाऱ्यापाजाऱ्याला हात जोडतात. तेव्हा उकंडरावला हात जोडणारा मी एकटा. तानुबाई तर त्या वेळी मुद्दाम वळून भिंतीला शांती देते.

आणि माझी छकुली? तिला उकंडरावचा गजेंद्र पसंत. माझा मंडपाचा टेम्पो तोच चालवतो. दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी विचारलं, "मले काऊन सांगितलं नाही?" तर म्हणते, "बाबा, तुमी गावाले ऐकवता, घरचं तुमाले कुठं ऐकू येते?" पोरगा चांगला आहे, मी हो म्हटलं. पण उकंडराव म्हणतो, "भाऊ, ज्या गावात मले कोणी राम-राम करत नाही, तिथं मी वरात कोणाच्या दारावरून नेऊ? ईस्टर झाला की दुकान आवरतो आन् नांदुऱ्याले जातो. पोराचंबी तिकडंच पाहीन." बायकोनं छकुलीसाठी शिवायला टाकलेला घागरा अर्धाच राहिला आहे, आणि पोरगी जेवताना बोलत नाही. आमच्या घरात इतकी शांतता मी भोंगा लावायला शिकल्यापासून पाहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र माझ्या कानाला खटकते. उकंडराव चालतो तेव्हा डावा बूट करकरतो, उजवा वाजत नाही. विचारलं तर म्हणाला, "नवे हायेत." नवे असते तर दोन्ही वाजले असते.

आता मुद्दा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुतात, येशूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले म्हणून. समोर बारा खुर्च्या मांडतात. खुर्च्या माझ्याच. माझ्या मनात आहे की त्या बारांत उकंडराव बसावा. गावानं त्याला एकदा वेदीपाशी मानानं बसलेला पाहिला की मनातली अढी सुटेल. पण बसवू कसा? तू सगळ्या जातीपातीच्या लग्नांत कपडे शिवलेस. अक्कल सांग.

तुझा
शालिग्राम

·

बुलढाणा
२७ मार्च

शालिग्राम भोंग्यास सलाम,

पत्र मिळालं. लसणाचं वाईट वाटलं नाही, भाव मात्र खरा होता.

इथं पोराकडे, आसिमकडे, सगळं ठीक. सूनबाई महनूर माझ्या कानाशी येऊन बोलते, तरी मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू येतात. डॉक्टर म्हणतो यंत्र लावा. मी म्हटलं, साठ वर्षं ऐकलं, आता थोडी सुट्टी घेऊ द्या.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तुमचा फादर संगीत खुर्ची खेळवतो. मग वाटलं, पाय तर सासरा नवरदेवाचे धुतो. मग तुमचे फादर बारा जावयांचे पाय धुतात काय? आसिम हसून हसून खोकला. त्यानं समजावलं. चांगली रीत आहे. जो मोठा, त्यानंच वाकायचं. आपल्याकडे मोठा माणूस वाकायचा म्हटलं की त्याची कंबर दुखते.

अक्कल विचारलीस, तर घे. आसिमच्या वलीम्यात, लग्नानंतरच्या दावतीत, पहिल्या रांगेवरून नेहमीची मारामारी होणार होती. मी काय केलं? खुर्च्यांवर नावं चिकटवली. ज्याचं नाव त्याची खुर्ची. तिथं भांडता येत नाही, कारण कागदाशी कोण भांडणार? तूही नावं चिकटव. उकंडरावचं नाव पहिल्याच खुर्चीवर टाक. तानुबाई काय, तिचा आवाजसुद्धा काही करू शकणार नाही.

उकंडरावचा पहिला शाळेचा सदरा मी शिवला होता. तेव्हाही बाह्या आखूड झाल्या तर त्यानं कोणाला सांगितलं नाही, वर्षभर हात मागं बांधून फिरला. तो तसाच माणूस आहे.

घागरा कोणाकडे दिलास रे शिवायला? मी जिवंत असताना?

कादर

·

चिंचटाकळी
१० एप्रिल

कादर मास्तर,

तुझ्या अकलेनं माझा घात केला.

मी फादरना म्हटलं, "फादर, यंदा खुर्च्यांवर नावं लावू." फादर इतके खूश झाले की त्यांनी माझा हातच धरला. म्हणाले, "शालिग्रामभाऊ, किती सुंदर विचार! लोकांना ज्ञानही मिळेल." मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्ञान हा शब्द आला की काम बिघडतं.

काल झावळ्यांचा रविवार होता. आपल्याकडे खजूर-माड कुठले, नाल्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या घेऊन आम्ही मिरवणूक काढली. परत येऊन पाहतो तर फादरनी बाराही खुर्च्या आधीच मांडलेल्या आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात नाव. गावातल्या माणसांची नव्हेत. येशूच्या बारा शिष्यांची! पेत्र, आंद्रिया, योहान... आणि शेवटच्या खुर्चीवर ठळक अक्षरात 'यहुदा'. खाली मुंगीएवढं 'तद्दय'.

आता तुला सांगतो, यहुदा म्हणजे ज्यानं येशूला धरून दिलं तो. लहान पोरंसुद्धा ते नाव शिवी म्हणून वापरतात. चर्चमध्ये एकच कुजबूज. फादरनी समजावलं, की हा तो नव्हे. शिष्यांत यहुदा नावाचे दोन होते. धरून देणाऱ्याला त्यांनी घेतलंच नाही, त्याच्या जागी नंतर निवडलेला मत्थिया घातला. हा दुसरा यहुदा मोठा संत आहे, आणि जिथं सगळी आशा संपते तिथं लोक त्याचाच धावा करतात. तानुबाई म्हणाली, "दोन यहुदा कशाले पायजेत फादर? आमाले एकच पुरला होता." आणि मागं वळून पाहिलं, थेट उकंडरावकडे.

उकंडराव झावळी हातात घेऊन तसाच बाहेर गेला.

आज सकाळपासून माझ्याकडे अकरा जण येऊन गेले. सगळे म्हणतात आपण पाय धुवून घ्यायला तयार, फक्त ती खुर्ची सोडून. पेत्राच्या खुर्चीसाठी दोघांची हातघाई झाली. उद्या ईद-ए-मिलादचा भोंगा, गुरुवारी सकाळी आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात जयंतीचा, त्याच संध्याकाळी आमचे पाय धुणे, शुक्रवारी बाबासाहेबांची मिरवणूक आणि त्याच दिवशी आमचा गुड फ्रायडे, ज्या दिवशी आम्हाला घंटासुद्धा वाजवायची नसते. माझ्याकडे मशीन दोन, देव चार. तरी वेळ काढून उकंडरावच्या घरी गेलो. त्यानं दार अर्धं उघडलं. पलंगाखाली बांधलेली खोकी दिसली.

मी ठरवलंय. यहुदाच्या खुर्चीवर मीच बसतो. लोक हसतील आणि संपेल. पेत्राच्या खुर्चीवर उकंडराव. त्याला कसं बसवायचं ते गुरुवारपर्यंत सुचेल.

घागरा तुलाच देणार होतो. तू फोनवर लसूण ऐकलास.

शालिग्राम

·

बुलढाणा
१३ एप्रिल

शालिग्राम,

हे कार्ड तुला मिळेल तेव्हा गुरुवार होऊन गेला असेल, तरी लिहितो. तू त्या खुर्चीवर बसू नकोस. तू बसलास तर मशीन कोण पाहील? कारागिरानं आपली जागा सोडायची नसते. आणि माझ्या अकलेला नावं ठेवू नकोस, मी माणसांची नावं सांगितली होती, संतांची नाही.

ईदचा भोंगा कसा झाला ते कळव. मला इथल्या मशिदीचाही ऐकू येत नाही, पण खिडकीची काच थरथरली की समजतं.

कादर

·

चिंचटाकळी
१७ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

कादर मास्तर,

बस. चहा जवळ ठेव. पत्र लांब आहे.

गुरुवारी मी मारुतीच्या देवळातलं मशीन लावून चर्चमध्ये पोचलो. मिस्सा सुरू व्हायला अर्धा तास होता. आत पाहतो तर अकरा जण अकरा खुर्च्या धरून बसलेले! जन्मात कधी मिस्सेला वेळेवर न आलेली माणसं. पेत्राच्या खुर्चीवर सरपंचांचे भाऊ, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडून, जसं कोणी ओढून नेणार. बारावी रिकामी. उकंडराव मागं, माझ्या मशीनजवळ.

फादरसाठी मी जालन्याहून कॉलरला लावायचा बारीक माईक आणला आहे. बटण माझ्याकडे, मशीनवर. वाचन झालं, प्रवचन झालं. फादरनी वरचा झगा काढला, कमरेला टॉवेल बांधला, हातात तांब्या घेतला आणि खुर्च्यांकडे वळले. बारावी खुर्ची पाहून थांबले. "एक भाविक कमी आहे," ते म्हणाले.

कोणी हललं नाही. मी बसणार होतो, मास्तर, खरंच. एक पाय पुढं टाकलाही. तेवढ्यात गायनमंडळातून तानुबाईचा आवाज आला, माईकशिवाय: "त्या खुर्चीचा धनी मागं उभा हाये."

मारुतीच्या देवळातले टाळ इथवर ऐकू येत होते. उकंडरावनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "काऊन शालिग्रामभाऊ, जाऊ?"

मी म्हटलं, "जा."

तो गेला. डावा बूट करकर, उजवा मुका. बसला. बूट काढताना त्याचा चेहरा वाकडा झाला. फादर गुडघ्यावर टेकले, उजवा पाय हातात घेतला, आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं. पण कॉलरचा माईक चालू होता. चर्चमध्ये, चर्चवरच्या भोंग्यातून पार नाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं.

"उकंडराव, हे काय झालंय तळपायाला?"

"काही नाही फादर. धसकट."

"कसकट?"

"धसकट. कपाशीची पऱ्हाटी कापली का बुडखा राह्यते ना जमिनीत, सुरीसारखा. तो घुसला."

"पण तुम्ही तर दुकानदार! पऱ्हाटी कापायला तुम्ही कशाला?"

"मजूर कुठून लावू? हळू बोला फादर. बायकोच्या माहेरी पाच एकर हाये. इथं कोणाले माहीत नाही. मीबी तेच बी पेरलं होतं."

फादर आणखी खाली वाकले. मग अगदी आपुलकीनं म्हणाले, "मीबी? हे कोणतं बियाणं? बीटीसारखंच असतं का?"

"नाही फादर. मीबी म्हंजे मीबी."

"हो, तेच. पण हे मीबी कोणत्या कंपनीचं?"

मास्तर, आमच्यात त्या रात्री हसत नाहीत. दुःखाची रात्र असते. पण आधी मागच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं, मग एक बाई पदर तोंडात घालून थरथरायला लागली, आणि मग तानुबाई ओरडली, "अहो फादर, कंपनीचं नाही! मी... बी!"

फादर वर पाहून म्हणाले, "अच्छा, दोन प्रकारचं आहे."

मग मात्र अख्खं चर्च. पेत्र हसत होता, आंद्रिया हसत होता, सरपंचांच्या भावानं खुर्चीचे हात सोडले. आरती संपवून मारुतीच्या देवळातले लोक भोंगा ऐकून दारात आले होते, प्रसादाचं ताट हातात. त्यांच्यातला एक म्हणाला, "मीसुद्धा, फादर. मीबी म्हणजे मीसुद्धा."

फादरना कळलं. त्यांचा चेहरा लाल्या आल्यासारखा झाला. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "तुमचंही पीक गेलं."

"हाव."

आता कोणी हसत नव्हतं. फादरनी तो पाय धुतला. हळू धुतला, जखमेच्या कडेकडेनं. पुसला, आणि रीतीप्रमाणे वाकून त्या पायाला ओठ लावले. उकंडराव वर पंख्याकडे पाहत बसला होता, आणि पंखा बंद होता.

मिस्सा संपल्यावर तानुबाईनं त्याला दारातच गाठलं. "उकंड्या, मुडद्या, सांगितलं काऊन नाही?"

"काय सांगू वहिनी? बी विकणाऱ्याचंच वावर गेलं म्हटल्यावर दुकानात कोण येईल?"

"तसंबी कोण येऊन राह्यलं होतं?" तानुबाई म्हणाली. "आमी वर्षभर तुले एकट्याले शिव्या देल्या. सांगितलं असतं तर तुह्यासंगं बसून कंपनीले देल्या असत्या."

शुक्रवारी बाबासाहेबांची मिरवणूक चर्चजवळ आली तेव्हा पोरांनी आपणहून बाजा थांबवला, पुढं जाऊन पुन्हा सुरू केला. मी दोन्हीकडे होतो, म्हणून सांगतो.

शनिवारी अंधार पडल्यावर चर्चच्या अंगणात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून ईस्टरची मोठी मेणबत्ती. फादरनी जळण मागितलं होतं. तानुबाई डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन आली, तिच्या वावरातली. पाठोपाठ उकंडराव, लंगडत, त्याचा भारा घेऊन. यंदा गावाकडं देण्यासारखं तेवढंच होतं. पण पऱ्हाटी ती! भडकन पेटली आणि फादरना पुस्तकातलं पान सापडायच्या आत विझत आली. "आणखी आणा, आणखी!" फादर ओरडले. सगळं गाव घराकडे पळालं. ज्याच्या हाताला जी पऱ्हाटी लागली ती त्यानं आणून टाकली. जाळ एवढा झाला की दुसरबीडच्या रस्त्यावरची एक जीप विचारायला आली, काय पेटलंय.

ईस्टरच्या सकाळी फादर प्रवचनाला उभे राहिले. म्हणाले, "प्रभू उठला आहे." कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "आता तुम्ही काय म्हणायचं, ते मला या आठवड्यात तुम्हीच शिकवलंत." आणि अख्ख्या चर्चनं एका आवाजात उत्तर दिलं: "मीबी!" माझा भोंगा पुन्हा फाटला.

मग शांती द्यायची वेळ आली. तानुबाई गायनमंडळ सोडून सगळ्या बाकांमधून मागं आली, माझ्या मशीनपर्यंत. उकंडरावला हात जोडून म्हणाली, "शांती असो, उकंडराव."

तो म्हणाला, "तुमालेबी."

घरी आलो तर छकुली जेवताना बोलत होती. इतकी बोलत होती की मला बायकोचं ऐकू येईना. नांदुरा रद्द. खोकी सुटली. लग्न मे महिन्यात.

शालिग्राम

·

बुलढाणा
२२ एप्रिल

शालिग्राम,

पत्र महनूरनं कानाशी वाचून दाखवलं. 'मीबी' ऐकू आलं. पहिल्याच वेळी. तिला वाटलं मी बरा झालो.

पण माझा एक प्रश्न आहे. तू चाळीस वर्षं भोंगे लावतोस. नवरीच्या मैत्रिणी नवरदेवाची टिंगल करत असोत की पुढारी चिडून शिवी देत असो, तू नेमक्या वेळी बटण बंद केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुझा हात कधी चुकला नाही. पाय धुताना कोणताही फादर हळू आवाजात बोलतो, हे तुला दरवर्षीचं माहीत. आणि एक बूट वाजत नाही, हे तू मला मार्चमध्येच लिहिलं होतंस. तेव्हा मला वाटलं, भोंग्या उगाच बुटाचं काय लिहितो.

मग त्या दिवशी बटण कसं विसरलास? दोस्ताला तरी खरं सांग.

आणि घागऱ्याचं काय ते लवकर लिही. माप छकुलीचं जुनंच आहे का?

कादर

·

चिंचटाकळी
२७ एप्रिल

कादर मास्तर,

लग्न एकवीस मे, रविवार, मिस्सेनंतर. पत्रिका छापायला दिली. मानपान तानुबाईनं स्वतःच्या हातात घेतला आहे, नवरीकडून का नवऱ्याकडून ते कोणी विचारायची हिंमत केली नाही. गजेंद्र टेम्पो स्वतःच्या वरातीलाही स्वतःच चालवणार म्हणतो. उकंडरावनं पेरणीसाठी यंदा तूर ठेवली आहे, आणि गिऱ्हाइकानं विचारलं की आधी बूट काढून पाय दाखवतो. आता दोन्ही बूट करकरतात.

तू विचारलंस ते माप जुनं नाही, वीतभर वाढलं आहे. घागरा उसवून तुझ्याकडे पाठवतो आहे. तू आणि वहिनी आठवडाभर आधीच या. आसिम, महनूर, सगळे. बारा खुर्च्या मी पुढं राखल्या आहेत. नावं लावलेली नाहीत.

तुझ्या पत्रात शेवटी काहीतरी विचारलं होतंस बटणाबिटणाचं. ती ओळ मले नीट ऐकू आली नाही.

तुझा
शालिग्राम